वसाहतकाळातल्या गोष्टीतून इंग्रजी शब्द शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रविवारी सकाळी आमचा वाचनवर्ग भरतो. येणारे बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले. कुणी बँकेत आहे, कुणी मंत्रालयात, कुणी नर्सिंग करतंय. आम्ही एकच इंग्रजी गोष्ट घेऊन बसतो आणि तिच्यातून शब्द शिकतो. ही गोष्ट वर्गासाठीच रचलेली आहे. काळ १८९० च्या आसपासचा. ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तरुण असिस्टंट कलेक्टर थंडीच्या दिवसांत दौऱ्यावर येतो, आमराईत तंबू पडतात. भाताचं पीक बुडालं, सारा माफ करा, असा अर्ज घेऊन एक म्हातारा शेतकरी मुक्कामावर येतो आणि कारकून त्याला साहेबासमोर उभंच राहू देत नाही. वर्गात आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, गुंतागुंतीचे पुढे आहेत.

१. ताई, यादी पाठ केली की भराभर शब्द होतात. मग गोष्ट कशाला?

भराभर होतात आणि भराभर जातातही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मरण मोजलं आणि १८८५ मध्ये ते निष्कर्ष छापले. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसातच गळून जातो, असं त्यातून दिसलं. सुट्या शब्दाला धरून ठेवायला काहीच नसतं. गोष्टीत त्याला माणूस असतो, जागा असते. ‘अ‍ॅरिअर्स’ म्हणजे थकबाकी, हे यादीत वाचलं तर परीक्षेपर्यंत टिकेल. त्याच अ‍ॅरिअर्सपायी म्हाताऱ्याचा बैल लिलावात निघणार आहे, हे कळलं की शब्द विसरायला होत नाही. यादी करावी, पण आपली आपण, गोष्ट वाचून झाल्यावर. ती कशी करायची ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. पण वसाहतकाळातलीच गोष्ट का? आजची सोपी का नाही?

आजचीही वाचा, जरूर वाचा. मात्र मराठी वाचकाला या जुन्या गोष्टींत एक मोठी सोय आहे. त्यातलं जग अर्धं ओळखीचं असतं. मामलेदार, तलाठी, पाटील, सारा, दौरा हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. प्रसंग आधीच कळलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष शब्दाकडे देता येतं. लंडनच्या दिवाणखान्यातली गोष्ट वाचताना आधी दिवाणखाना समजून घ्यावा लागतो.

दुसरं कारण कामाचं. पिटिशन (अर्ज), सँक्शन (मंजुरी), रेमिशन (सूट, माफी), इन्क्वायरी (चौकशी), ‘इन लू ऑफ’ (च्या ऐवजी) हे त्या कचेऱ्यांतले शब्द आजही आपल्या कचेऱ्यांत रोज चालतात. बँकेतल्या नोकरदाराला ते परीकथेतून मिळणार नाहीत.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या गोष्टींत कुणाचा हुकूम चालतो आणि कुणी हात जोडायचे, हे पानोपानी दिसतं. त्यामुळे शब्दाचा अर्थ शिकताना तो कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाला उद्देशून आहे, हेही शिकावंच लागतं. इंग्रजी बोलताना आपण अडखळतो ते बऱ्याचदा याच बाबतीत. अर्थ येत असतो, पण तो शब्द कुणापुढे वापरायचा हे कळत नसतं.

३. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय. मला झेपेल का?

एक पान वाचा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर शंभरातले सुमारे ९८ शब्द माहीत असावे लागतात, असं हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून पुढे आलं. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तर गोष्ट तुमच्यासाठीच आहे. दहा-पंधरा अडले तर सोबत कुणी असावं, किंवा हाताशी शब्दकोश असावा. त्याच्याही पुढे गेलं तर ती गोष्ट सध्या बाजूला ठेवा आणि सोपी केलेली आवृत्ती घ्या. त्यात कमीपणा काही नाही. दर ओळीला ठेच लागत असेल तर गोष्टच हरवते, आणि गोष्ट हरवली की प्रश्न १ मधला सगळा फायदा गेला.

४. प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात बघू का?

पहिल्या वाचनात एकही बघू नका. दुसऱ्या वाचनात दोनच प्रकारचे बघा : ज्याच्यावाचून प्रसंग उलगडत नाही असा, आणि जो पुन्हा पुन्हा येतो असा. घोड्याच्या खोगिराचा कुठला पट्टा, तंबूचा कुठला दोर, हे तांत्रिक शब्द खुशाल सोडून द्या.

जुन्या शब्दांसाठी दोन जुने कोश फार उपयोगी पडतात. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि यूल व बर्नेल यांनी जमवलेला १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’, ज्यात इथल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले शब्द आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही मोफत शोधता येतात. आजच्या अर्थासाठी मात्र आजचाच कोश हवा.

५. किती वेळा वाचायची? वाचन लोकलमध्येच होतं, ते चालेल का?

तीनदा तरी. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा शब्दांसाठी, तिसऱ्यांदा मोठ्याने. पहिलं आणि दुसरं वाचन लोकलमध्ये छान होतं, बसायला मिळालं तर. तिसरं घरी करा. आणि तिन्ही एकाच दिवशी उरकू नका. मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या, थोडं विसरू द्या. विसरत चाललेलं पुन्हा आठवावं लागतं, तेव्हाच ते पक्कं होतं.

६. वही कशी ठेवायची?

डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी दोन रकान्यांची वही ठेवू नका. एका शब्दाला अर्धं पान द्या. आमच्या वर्गातली ‘ग्रीव्हन्स’ची नोंद अशी आहे.

सगळ्यात वर गोष्टीतलं वाक्य, जसंच्या तसं : ‘दि ओल्ड मॅन हॅड वॉक्ड ट्वेल्व्ह माइल्स विथ हिज ग्रीव्हन्स.’ खाली, कुणाचा शब्द : निवेदकाचा, म्हाताऱ्याबद्दल. मग मराठी : गाऱ्हाणं. ‘तक्रार’ही चाललं असतं, पण बारा मैल पायपीट करून कुणी नुसती तक्रार नेत नाही. गाऱ्हाण्यात अन्याय झाल्याची भावना आहे आणि ती ग्रीव्हन्समध्येही आहे. त्याखाली शब्दाचे सोबती : ग्रीव्हन्स ‘एअर’ करतात, म्हणजे बोलून दाखवतात, आणि ‘रिड्रेस’ करतात, म्हणजे दूर करतात. मग गोतावळा : ग्रीफ, ग्रीव्ह, ग्रीव्हस. इथे जपायला हवं, कारण ‘ग्रीव्ह’ म्हणजे शोक करणं, गाऱ्हाणं मांडणं नव्हे. शेवटी आज हा शब्द कुठे दिसला ते. एकाने लिहिलं होतं, बँकेतल्या फलकावर. दुसरीने लिहिलं, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर.

असे पाच शब्द आठवड्याला झाले तरी पुष्कळ.

७. मोठे शब्द कळतात, पण सगळे छोटे शब्द असलेलं वाक्य कळत नाही. असं का?

छोटी क्रियापदं जोडशब्दाबरोबर आली की अर्थ बदलतात. आमच्या गोष्टीत ‘दि असिस्टंट कलेक्टर सेंट फॉर द क्लार्क’ असं वाक्य आहे. वर्गात हमखास कुणीतरी अर्थ सांगतं, ‘कारकुनासाठी काहीतरी पाठवलं’. सेंट म्हणजे पाठवलं, फॉर म्हणजे साठी, मग चुकलं कुठे? ‘सेंड फॉर’ हे जोडीने घ्यायचं. अर्थ, बोलावणं पाठवलं, बोलावून घेतलं. तसंच कारकुनाने म्हाताऱ्याला ‘पुट ऑफ’ केलं, म्हणजे आज नको उद्या या असं करत टोलवलं. म्हाताऱ्याने ते ‘पुट अप विथ’ केलं, म्हणजे सोसलं. अशा जोड्या वहीत एकच शब्द समजून लिहा. आपण ‘हात मारणे’ आणि ‘हात देणे’ हे ‘हात’ या नोंदीखाली शिकत नाही, तसंच हे.

८. बंगलो, टिफिन, कॉट हे शब्द तर आपलेच आहेत. ते सोडून देऊ ना?

हेच शब्द सगळ्यात जास्त फसवतात. ओळखीचे वाटतात म्हणून आपण थांबत नाही आणि चुकीचं चित्र डोळ्यांसमोर घेऊन पुढे जातो.

‘बंगला’ म्हटलं की आपल्याला स्वतंत्र, ऐसपैस, बहुधा दुमजली घर दिसतं. इंग्रजी ‘बंगलो’ म्हणजे साधारणपणे एकमजली घर. गोष्टीतला साहेब बंगलोच्या खिडकीतून सहज बाहेर उडी मारतो त्यात पराक्रम काही नसतो. ‘टिफिन’ आपल्याकडे डबा, मग तो आईने दिलेला असो नाहीतर डबेवाल्याने आणलेला. त्या गोष्टींत टिफिन म्हणजे दुपारचं हलकं जेवण. ‘टिफिननंतर तो झोपला’ यात डब्याचा संबंध नाही. ‘कॉट’ आपल्याकडे कुणाचीही, इंग्लंडमध्ये आज तो तान्ह्या मुलाचा कठड्याचा पलंग. जुन्या गोष्टीत मात्र कॉटवर धिप्पाड सोजीर झोपलेला असू शकतो, कारण हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तो शब्द आपल्या ‘खाट’वरून उचलला.

‘सेपॉय’ आणि ‘शिपाई’ मुळात एकच. पण आज ऑफिसातला शिपाई चहा आणतो, फाइल नेतो, आणि गोष्टीतला सेपॉय म्हणजे इंग्रजी फौजेतला हिंदी सैनिक. फाइल नेणाऱ्यासाठी गोष्टीत ‘प्यून’ येईल, जो पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात कुणी कुणाला ‘शॅम्पू’ करत असेल तर केस धुणं मनात आणू नका. तिथे अंग चेपणं, रगडणं असा अर्थ असतो. चौपाटीवरची चंपी त्याला जास्त जवळची.

अशा शब्दांसाठी वहीत वेगळी पानं ठेवा. घरात आपण काय म्हणतो, गोष्टीत काय अर्थ आहे, आजच्या इंग्रजीत काय, अशा तीन ओळी.

९. शब्द इंग्रजीच आहे, मला येतोही, तरी वाक्य विचित्र लागतं. उदाहरणार्थ, ‘सिव्हिलियन’ अधिकारी कसा?

प्रश्न ८ मधले शब्द आपल्याकडून तिकडे गेलेले होते. हे शब्द मूळचे इंग्रजीच, पण काळाने अर्थ पालटलेले. आज सिव्हिलियन म्हणजे सैन्यात नसलेला सामान्य माणूस. त्या काळच्या हिंदुस्थानात सिव्हिलियन म्हणजे सिव्हिल सर्व्हिसमधला बडा अधिकारी. ‘स्टेशन’ म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे साहेबलोक राहत ती वस्ती. त्यामुळे ‘सगळं स्टेशन मेजवानीला आलं होतं’ असं वाक्य सरळ आहे, त्यात आगगाडी नाही. ‘होम’ म्हणजे इंग्लंड, माणूस वीस वर्षं इथे राहिलेला असला तरीही. कंपनीच्या काळातली गोष्ट असेल तर ‘फॅक्टरी’ म्हणजे वखार आणि ‘रायटर’ म्हणजे कंपनीचा कनिष्ठ कारकून. ‘प्रेझेंटली’ म्हणजे सध्या नव्हे, थोड्या वेळाने.

‘अँग्लो-इंडियन’ला विशेष जपा. एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टीत तो बहुधा इथे राहणारा अस्सल इंग्रज असतो. मिश्र वंशाच्या लोकांसाठी हे नाव सरकारदरबारी १९११ च्या जनगणनेपासून वापरात आलं, आणि आपल्या राज्यघटनेच्या कलम ३६६ मध्ये त्याची व्याख्या आहे. त्याआधीच्या गोष्टीत मिश्र वंशासाठी ‘युरेशियन’ आढळेल. गोष्टीचं साल बघितल्याशिवाय हा शब्द वाचूच नका.

१०. गोष्टीत ‘नेटिव्ह’, ‘कूली’, ‘बॉय’ असे शब्द येतात. ते शिकायचे की टाळायचे?

शिकायचे, नीट शिकायचे, आणि माणसांसाठी वापरायचे नाहीत.

अर्थ सांगून हे शब्द संपत नाहीत. ‘बॉय’ म्हणजे मुलगा, पण गोष्टीत ज्याला बॉय म्हणून हाक मारली जाते तो पांढऱ्या मिशांचा, नातवंडं असलेला माणूस असतो. त्याला आयुष्यभर मोठं होऊ द्यायचं नाही, हे त्या हाकेत आहे. ‘नेटिव्ह’ म्हणजे मूळचा रहिवासी. ‘नेटिव्ह लँग्वेज’मध्ये तो आजही निर्मळ आहे, पण साहेबाने ‘ए नेटिव्ह’ म्हटलं की समोरच्याचं नाव, गाव, हुद्दा सगळं पुसून जातं. ‘कूली’चंही तेच, आणि दक्षिण आफ्रिका, फिजी, कॅरिबियन बेटं इथे हिंदी मजुरांच्या वंशजांना तो शिवीसारखा लागतो.

आमच्या गोष्टीत म्हाताऱ्याला चार जण चार शब्दांनी ओळखतात. कारकून ‘द फेलो’ म्हणतो, इंग्रज पोलीस अधिकारी ‘युअर नेटिव्ह’ म्हणतो, निवेदक ‘दि ओल्ड मॅन’, आणि असिस्टंट कलेक्टर शेवटी अर्ज हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा त्याचं नाव उच्चारतो. चारही शब्द सोपे आहेत, शब्दकोशाची गरजच नाही. पण कोण काय म्हणालं याचा तक्ता केला की कोण त्याला माणूस मानतो आणि कोण मानत नाही ते समोर येतं. वर्गात दर वेळी आम्ही यावरच सर्वांत जास्त वेळ घालवतो. मला तो वेळ कमीच वाटतो.

११. नोकर तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो किंवा ‘दाउ’, ‘दी’ असं काहीतरी. ते शिकायचं का?

समजण्यापुरतं. तोडकं इंग्रजी लेखकाने त्या पात्राच्या तोंडी घातलेलं असतं, त्यावरून व्याकरण उचलू नका. ‘दाउ’चं कारण वेगळं. पात्र हिंदुस्थानीत बोलतंय हे दाखवायला रुडयार्ड किपलिंगसारखे (त्याच्याबद्दल प्रश्न १५ मध्ये) इंग्रज लेखक ‘तू’साठी जुना इंग्रजी ‘दाउ’ वापरत. इंग्रजीतला तो ‘तू’ रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला. आज ऑफिसात कुणाला दाउ म्हणाल तर समोरचा बघतच राहील.

१२. गावांची नावं ओळखू येत नाहीत. ‘बॅसीन’ कुठे आलं?

वसई. ‘टॅना’ म्हणजे ठाणे, ‘सॅल्सेट’ म्हणजे साष्टी, ‘कर्की’ म्हणजे खडकी. अडलं तर नाव मोठ्याने वाचा, पुष्कळदा कानाला कळतं. कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअरही चाळून बघा. पिकं, सारा, रस्ते, बाजार यांची त्यात भरपूर माहिती आहे आणि त्याचं इंग्रजी आमच्या गोष्टीतल्या इंग्रजीच्याच घराण्यातलं आहे.

१३. गोष्टीतली वाक्यं माझ्या अर्जात, ईमेलमध्ये वापरू का?

शब्द घ्या, घाटणी घेऊ नका. ‘आय बेग टू स्टेट’, ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ ही त्या काळची रीत होती, गोरे अधिकारीही एकमेकांना लिहिताना खाली ओबीडियंट सर्व्हंटच लिहीत. आपल्याकडे तिचे अवशेष अजून अर्जांत सापडतात. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे मुंबईतल्या ऑफिसात सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणसाला जुनाट वाटतं. ‘प्लीज अप्रूव्ह द लीव्ह’ असं काय हवं ते सरळ लिहा. रेमिशन, अ‍ॅरिअर्स, ग्रीव्हन्स, सँक्शन हे शब्द मात्र आजही जसेच्या तसे चालतात.

१४. शेजारी मराठी अनुवाद ठेवून वाचू का?

पहिल्या वाचनानंतर ठेवा. आधीच ठेवलात तर डोळा मराठीवरच जातो. त्याहून चांगलं म्हणजे एक परिच्छेद स्वतः मराठीत करून बघा आणि मग पुस्तकातल्या अनुवादाशी ताडून पाहा. जिथे दोघांचे शब्द वेगळे पडले तिथे चर्चा करायला जागा आहे.

१५. वर्गाला येणं जमत नाही. कोणती गोष्ट घेऊ आणि मोफत कुठे मिळेल?

भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ गोष्टी आज मोकळ्या आहेत. रुडयार्ड किपलिंगचा जन्म आपल्याच मुंबईतला, १८६५ चा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याचे वडील तिथे शिकवत, क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांच्याच आरेखनाची. लाहोरच्या वर्तमानपत्रासाठी किपलिंगने लिहिलेल्या सुरुवातीच्या गोष्टी छोट्या आहेत, कारण त्या वर्तमानपत्रातल्या मोजक्या जागेत बसवायच्या होत्या. पण त्याची नजर राज्यकर्त्याची आहे. वाचताना प्रश्न १० जवळ असू द्या.

त्याच्या जोडीला कॉर्नेलिया सोराबजी वाचा, असा माझा आग्रह आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेली, पुढे वकील झालेली ही बाई त्याच काळातल्या पडद्याआडच्या स्त्रियांबद्दल इंग्रजीत लिहीत होती. तिचा कथासंग्रह १९०१ मध्ये लंडनहून निघाला. दोघांमध्ये एका वर्षाचंही अंतर नाही, पण कोण कुणाबद्दल बोलतंय ते इतकं वेगळं आहे की शब्दांचं वजनच बदलतं. दोघांची जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर शोधा.

१६. उच्चार कुठून शिकू? गोष्ट वाचून तो कळत नाही.

नाहीच कळत. ऑनलाइन कोशात ध्वनीचं बटण असतं, ते दाबा आणि ब्रिटिश उच्चार निवडा. गोष्टीतली माणसं तसंच बोलत असणार. आपण म्हणतो तो ‘क्लार्क’ ब्रिटिशांच्या जवळचा आहे, अमेरिकन ‘क्लर्क’ म्हणतात. ‘लेफ्टनंट’चंही तसंच, त्यातला ‘फ’ स्पेलिंगमध्ये शोधू नका.

१७. मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्लिशला. तिच्याबरोबर वाचू का?

वाचा, पण आधी एकट्याने पूर्ण वाचून घ्या. काही गोष्टींत फटके, शिकार, फाशी येते, तर काहींत आपल्या लोकांना अशा शब्दांनी हाक मारलेली असते की मुलं गप्प होतात किंवा ते शब्द शाळेत एकमेकांवर वापरून बघतात. प्रश्न १० मधला तक्ता मुलांना उत्तम जमतो. ‘म्हाताऱ्याला कोण काय म्हणालं?’ एवढंच विचारा आणि वही तिच्या हातात द्या. तिने ‘द फेलो’पुढे स्वतःच्या मनाने मराठी लिहिलं आणि ते ‘तो मनुष्य’ असं सभ्य निघालं, तर लगेच दुरुस्त करू नका. कारकुनाच्या आवाजात ते वाक्य तिला मोठ्याने म्हणायला लावा. बहुतेक मुलं दुसऱ्यांदा म्हणतानाच थांबतात आणि आपण होऊन ‘हा बाबा’ किंवा ‘हे येडं’ असं काहीतरी लिहितात.